जॅकी जॉयनर-कर्सी : दोन खेळांची पाच वर्षे

नदीकाठ

महिलांच्या हेप्टॅथलॉनचा, म्हणजे सात मैदानी स्पर्धांतल्या कामगिरीचे गुण एकत्र मोजणाऱ्या खेळाचा, जागतिक विक्रम ७,२९१ गुणांचा आहे आणि तो जॅकी जॉयनर-कर्सी हिने २४ सप्टेंबर १९८८ रोजी सोल ऑलिंपिकमध्ये नोंदवला. त्यानंतर स्वीडनच्या कॅरोलिना क्लुफ्टने २००७ साली आणि अमेरिकेच्या ॲना हॉलने २०२५ साली ७,०३२ गुणांपर्यंत मजल मारली, पण उरलेले अडीचशेहून अधिक गुणांचे अंतर आजवर कुणालाही कापता आलेले नाही. एवढे बहुतेक क्रीडाप्रेमींना ठाऊक असते. मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या पाच वर्षांबद्दल. १९८० ते १९८५ या काळात ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये शिकत होती आणि विद्यापीठाच्या दोन संघांतून खेळत होती. तिच्यावरच्या लेखांत 'कॉलेजात असताना ती बास्केटबॉलही खेळत असे' एवढे एक वाक्य येते आणि लेखक पुढे सोलकडे वळतो. माझ्या मते त्या 'ही'मध्ये तिची निम्मी कारकीर्द दडलेली आहे, आणि ती उलगडून पाहावी म्हणून हा धागा.

जॅकीचा जन्म ३ मार्च १९६२ चा. गाव ईस्ट सेंट लुईस, मिसिसिपी नदीच्या इलिनॉयकडच्या काठावरचे. कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्यामागोमाग गावाची रयाही गेली. वडील रेल्वेत कामाला, आई रुग्णालयात परिचारिकांची मदतनीस; दोघांचे लग्न अगदी कोवळ्या वयात झालेले. घरासमोरच्या समाजकेंद्रात मुलांसाठी खेळ चालत आणि तिथेच ही नऊ-दहा वर्षांची मुलगी पळायला लागली. पहिल्या शर्यतीत ती शेवटची आली होती. लांब उडीची ओढ मात्र तिला अशी लागली की बहिणींनी बागेतली वाळू बटाट्याच्या वेफर्सच्या रिकाम्या पिशव्यांत भरभरून घरी आणली, अंगणात तिचा खड्डा केला आणि जॅकी ओसरीच्या कठड्यावरून त्या वाळूत उड्या मारू लागली. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

लिंकन हायस्कूलमध्ये ती ॲथलेटिक्स आणि बास्केटबॉल दोन्ही खेळत होती. चौदाव्या वर्षापासून सलग चार वर्षे तिने कनिष्ठ गटाची राष्ट्रीय पेंटॅथलॉन, म्हणजे तशीच पण पाच स्पर्धांची, जिंकली. म्हणजे ती पुढे कोणत्या खेळात चमकणार हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. तरीही १९८० साली ती यूसीएलएत गेली ती बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. बास्केटबॉल प्रशिक्षक बिली मूर यांनी तिला घेतले होते. मॉन्ट्रियलला १९७६ साली महिलांचे बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळले गेले, तेव्हा अमेरिकेला रौप्यपदक मिळवून देणाऱ्या संघाच्या प्रशिक्षक याच. त्यामुळे जॅकी तिथे 'हौस म्हणून' खेळत होती, असा समज कुणी करून घेऊ नये. तिची फी, तिचे राहणे, तिचे जेवण त्या खेळावर अवलंबून होते.

पहिल्याच वर्षी, जानेवारी १९८१ मध्ये, मेंदुज्वराने तिची आई गेली. सगळे अगदी अचानक झाले. घरी धाकट्या बहिणी होत्या, आणि थोरला भाऊ ॲल व ही या दोघांवर घराचा भार एका रात्रीत येऊन पडला. ती परत लॉस एंजेलिसला आली, तेव्हा तिच्याशी नीट बोलणारा माणूस म्हणजे ॲथलेटिक्सचे सहायक प्रशिक्षक बॉब कर्सी. त्यांची स्वतःची आईही ते तरुण असतानाच गेली होती. ओळख इथून झाली. १९८६ मध्ये त्यांचे लग्न झाले, पण त्याआधी कर्सींनी जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. या मुलीला केवळ लांब उडीपुरते वापरून घेतले जात आहे, तिच्यातली हेप्टॅथलॉनपटू कुणालाच दिसत नाही, हे त्यांनी ओळखले. एक तर हिचे प्रशिक्षण माझ्याकडे द्या, नाहीतर मी नोकरी सोडतो, असे त्यांनी विद्यापीठाला सांगितले. विद्यापीठाने ते मान्य केले. मात्र बास्केटबॉल सुटले नाही, आणि ते सोडायला तिला कुणी भागही पाडले नाही.

याच सुमारास तिला दमा असल्याचे निदान झाले. प्रशिक्षक आपल्याला बाहेर बसवतील या भीतीने ती ते लपवत राहिली. बास्केटबॉलचा हंगाम हिवाळ्यात आणि ॲथलेटिक्सचा उन्हाळ्याकडे झुकणारा, म्हणजे एक संपतो तोच दुसरा सुरू. वर्षात मोकळी म्हणावी अशी महिना-दोन महिन्यांची फटही उरत नाही. असल्या वेळापत्रकात दम्याचा रुग्ण असलेली मुलगी इतिहास विषय घेऊन पदवीचा अभ्यासही करत होती.

आता आकडे पाहू. १९८२ आणि १९८३ अशी दोन वर्षे तिने एनसीएएची, म्हणजे विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेची, हेप्टॅथलॉन जिंकली आणि त्याच दोन्ही वर्षी यूसीएलएच्या महिलांनी मैदानी स्पर्धांचे सांघिक विजेतेपद मिळवले. यातले १९८२ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण एनसीएएने महिलांसाठी राष्ट्रीय स्पर्धा घेण्यास नुकतीच, १९८१-८२ च्या हंगामापासून सुरुवात केली होती. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद करण्यास मनाई करणारा 'टायटल नाईन' हा कायदा १९७२ चा. तो झाला तेव्हा जॅकी दहा वर्षांची होती. ती शाळेत वर वर सरकत गेली तसतशी मुलींसाठी संघ, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या ही दारे एकेक करून किलकिली होत गेली, आणि ती अगदी पहिल्या पिढीतली म्हणून त्यांतून आत शिरली.

बास्केटबॉलमध्ये ती फॉरवर्ड म्हणून खेळे. उंची पाच फूट दहा इंच. चार हंगामांत तिने १,१६७ गुण केले, म्हणजे सामन्यामागे सरासरी ९.६; आणि सामन्यामागे ६.२ रिबाऊंड घेतले. ज्यांना या खेळाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते, की टोपलीत न गेलेला चेंडू परत येताना पकडणे म्हणजे रिबाऊंड. त्याला उडी लागते, पण त्याहून अधिक लागते ती चेंडू कुठे पडेल याची जाण आणि चार जणींच्या गर्दीत घुसण्याची तयारी.

पाच वर्षांत चार हंगाम का, तर १९८३-८४ चा हंगाम तिने ऑलिंपिकच्या तयारीसाठी सोडला होता. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये हेप्टॅथलॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आली. मांडीमागचा स्नायू दुखावलेला, पायाला पट्टी बांधलेली, आणि तिच्या सर्वांत आवडत्या लांब उडीत तिला ६.११ मीटरवर समाधान मानावे लागले. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन यांचे ६,३९० गुण झाले आणि हिचे ६,३८५. पाच गुण! ८०० मीटरची शेवटची शर्यत ती सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने लवकर संपवती, तर सुवर्ण तिचे होते. त्याच संध्याकाळी त्याच मैदानावर ॲलने १७.२६ मीटरची तिहेरी उडी घेऊन सुवर्ण जिंकले होते, आणि बहिणीच्या ८०० मीटरच्या शेवटच्या वळणावर तो मैदानाच्या आतून तिच्याबरोबर ओरडत धावला होता. नंतर तो तिला समजावू लागला, तेव्हा आपण हरल्यामुळे नव्हे, तो जिंकल्यामुळे रडत आहोत, असे तिने त्याला सांगितले.

मी हा धागा लिहिण्याचे खरे कारण यापुढचे आहे. ऑलिंपिकचे रौप्यपदक गळ्यात असलेली ही मुलगी त्या शरद ऋतूत यूसीएलएत परतली आणि १९८४-८५ चा पूर्ण हंगाम बास्केटबॉल खेळली. त्या वर्षअखेरीस देशातली सर्वोत्तम महाविद्यालयीन महिला खेळाडू म्हणून ब्रॉडरिक चषक तिला मिळाला. २००१ साली एनसीएएच्या सदस्य विद्यापीठांनी गेल्या पंचवीस वर्षांतली सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन महिला खेळाडू निवडली, तेव्हाही नाव तिचेच निघाले. विक्रम बरेच जण मोडतात, पण जागतिक दर्जा गाठल्यावरही आपल्या कॉलेजच्या संघात परत जाऊन रिबाऊंडसाठी गर्दीत घुसणारी खेळाडू मला तरी दुसरी आठवत नाही. इथल्या जाणकारांचे याबद्दल काय मत आहे, ते वाचायला आवडेल.

मैदानमाती

नदीकाठताई, धागा फार आवडला. मी सत्तावीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले, त्यामुळे मैदानाच्या बाजूने थोडी भर घालतो.

बास्केटबॉलमध्ये 'लेअप' नावाची चाल आहे. खेळाडू वेगाने टोपलीकडे येतो, दोन पावले टाकतो आणि एका पायावर उडी घेऊन चेंडू वर सोडतो. यातले शेवटचे पाऊल आणि त्याच्या आधीचे पाऊल यांची लय पाहा. शेवटून दुसऱ्या पावलावर शरीर किंचित खाली बसते आणि शेवटच्या पावलावर वर उसळते. लांब उडी आणि उंच उडी शिकवताना आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो या दोन पावलांवरच, कारण मुले उडी घेण्याच्या फळीजवळ आली की घाबरून पावले लांबवतात आणि वेग घालवून बसतात. जी मुलगी एका हंगामात शेकडो लेअप मारते, तिच्या पायांत ही लय आपोआप बसते. रिबाऊंडचेही तसेच आहे. तिथे दोन्ही पायांवर, धाव न घेता, जागच्या जागी उसळावे लागते, आणि चेंडू हातून निसटला तर पाय टेकताक्षणी पुन्हा उसळावे लागते. अशा उड्या आम्ही मुलांकडून मुद्दाम करून घेतो आणि मुले कंटाळतात. सामन्यात मात्र त्याच उड्या ती न सांगता मारतात.

हेप्टॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात स्पर्धा. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळे, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर. यात शरीराइतकाच मनाचा कस लागतो, कारण एक स्पर्धा बिघडली की पुढची सुरू होण्याआधी ती डोक्यातून काढून टाकावी लागते. बास्केटबॉल खेळणाऱ्याला ही सवय असते. नेम चुकला म्हणून हळहळत उभे राहिलात तर तोवर समोरचा संघ दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

तुमच्या लेखातली एक गोष्ट मात्र मी थोडी वेगळ्या रीतीने मांडेन. दोन हंगामांमध्ये फट नसणे हे कौतुकाने सांगण्यासारखे नाही. १९८३ साली हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत तिला मांडीमागच्या स्नायूमुळे हेप्टॅथलॉन अर्धवट सोडावी लागली, आणि १९८४ मध्ये तोच त्रास पुन्हा झाला. दमलेल्या स्नायूला विश्रांती मिळाली नाही की तो असाच बदला घेतो. दोन्ही दुखापतींचे खापर बास्केटबॉलवर फोडणे चूक ठरेल, पण असले वेळापत्रक मी माझ्या विद्यार्थिनीला आखून दिले नसते.

पाऊलखुणा

१९८४ च्या लॉस एंजेलिसचा विषय निघाला की आपल्याकडच्या लोकांना पी. टी. उषा आठवणारच. जॅकीची हेप्टॅथलॉन ३ आणि ४ ऑगस्टला झाली आणि ८ ऑगस्टला त्याच मैदानावर उषाची ४०० मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत झाली. रुमानियाची कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. एकीचे सुवर्ण पाच गुणांनी गेले, दुसरीचे कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने, आणि तेही एकाच आठवड्यात. माझे वडील त्या शर्यतीची बातमी वाचून दिवसभर कुणाशी बोलले नव्हते.

दुपारची_शर्यत

लेख माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्ष मला पटलेला नाही. तारखा एका ओळीत मांडून पाहा. मार्च १९८५ च्या सुमारास तिचा शेवटचा बास्केटबॉल हंगाम संपला. ऑगस्ट १९८५ मध्ये झ्युरिकला तिने ७.२४ मीटर लांब उडी मारून अमेरिकेचा विक्रम केला. ७ जुलै १९८६ रोजी मॉस्कोच्या गुडविल स्पर्धेत ७,१४८ गुण मिळवून ती सात हजारांचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली महिला ठरली. अवघ्या २६ दिवसांनी ह्यूस्टनच्या उकाड्यात ७,१५८ गुण. १९८७ मध्ये रोमला जागतिक स्पर्धेत हेप्टॅथलॉन आणि लांब उडी या दोन्हींत सुवर्ण, आणि त्याच वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत ७.४५ मीटरची उडी मारून तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी. म्हणजे बास्केटबॉल सुटले आणि झरा फुटावा तसे विक्रम वाहू लागले. मग बास्केटबॉलने तिला घडवले म्हणावे, की अडवून ठेवले होते म्हणावे? १९८० ते १९८४ या काळात ती एकाच खेळाकडे पूर्णपणे वळती, तर ते पाच गुण गेलेच नसते, असे मला वाटते.

नदीकाठ

@दुपारची_शर्यत, तुमच्या तारखा अचूक आहेत आणि प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर दोन भागांत देते.

पहिला भाग असा, की ऑलिंपिकच्या वर्षी ती बास्केटबॉल खेळतच नव्हती. १९८३-८४ चा हंगाम सोडून ती पूर्णवेळ ॲथलेटिक्सच करत होती, आणि तरीही ते पाच गुण गेले. उलट १९८४-८५ मध्ये पुन्हा दोन्ही खेळ सुरू झाले आणि तो हंगाम संपल्यावर पाच महिन्यांत ७.२४ मीटर आले. यावरून बास्केटबॉलमुळेच ती उडी आली असे मी म्हणणार नाही, पण बास्केटबॉलने अडवून ठेवले होते हेही यातून सिद्ध होत नाही. पूर्णवेळ सरावाने विक्रम आले हे खरेच आहे. त्या सरावाला उभे राहायला जे शरीर लागले, ते मात्र कुठे तयार झाले याचाही विचार व्हायला हवा.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिच्यापुढे 'एकच खेळ किंवा दोन खेळ' असा पर्याय १९८० साली मुळात होता का? शिष्यवृत्ती ज्या खेळाची, तो खेळ सोडणे म्हणजे शिक्षण धोक्यात घालणे. लांब उडीत तिने १९८० च्या अमेरिकन ऑलिंपिक निवडचाचणीत आठवा क्रमांक मिळवला होता, म्हणजे ती गुणी होती, पण तिच्यावर पैसे लावायला कुणी रांगेत उभे नव्हते. बास्केटबॉलने तिला पाच वर्षे विद्यापीठात ठेवले, आणि त्या पाच वर्षांत हेप्टॅथलॉनला वाढायला वेळ मिळाला. लहान रोपाला मोठ्या झाडाची सावली मिळते, तशी ही गोष्ट मला दिसते.

मैदानमाती सर, दोन पावलांच्या लयीबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला ठाऊक नव्हते. आता तिच्या उड्यांच्या जुन्या फिती पुन्हा पाहते आहे आणि नजर फळीच्या अलीकडच्या पावलावरच जाते. दुखापतींबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. त्या मांडीने तिचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. १९९१ मध्ये टोकियोला लांब उडीचे सुवर्ण जिंकल्यावर हेप्टॅथलॉनच्या २०० मीटर शर्यतीत ती कोसळली, आणि १९९६ मध्ये अटलांटाला पहिल्याच अडथळ्यांच्या शर्यतीनंतर तिला हेप्टॅथलॉनमधून माघार घ्यावी लागली.

लांबउडी_७९

या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार करत होते.

मी सांगली जिल्ह्यातली. शाळेपासून खो-खो आणि लांब उडी दोन्ही खेळत होते. खो-खोत माझी ओळख म्हणजे खांबावरचा सूर, आणि उडीत पाच मीटरच्या थोडी पुढे. कॉलेजात पहिल्या वर्षी दोन्ही संघांत निवड झाली. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या दोन्ही निवडचाचण्या एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या गावांत लागल्या. एका सरांनी सांगितले की मैदानीला गेलीस तर खो-खोच्या संघात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. दुसरे सर म्हणाले की खो-खोने गुडघे जातील, उडी विसर. दोघेही मनाने वाईट नव्हते. दोघांनाही आपापला संघ जिंकून हवा होता, आणि त्या दोघांनी एकमेकांशी एकदा बसून बोलावे असे कुणालाच वाटले नाही. मी खो-खो निवडले, कारण मैत्रिणी तिथे होत्या. उडी सुटली ती कायमचीच.

म्हणूनच नदीकाठताईंच्या लेखात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती कर्सी आणि बिली मूर यांच्या ओळींवर. एक जण म्हणतो की ही मुलगी माझ्याकडे द्या, आणि दुसऱ्या बाई तिला तरीही आपल्या संघात ठेवतात. या दोघांमध्ये काय बोलणे झाले असेल, वेळा कशा वाटून घेतल्या असतील, कुणी किती सराव सोडला असेल, हे मला फार जाणून घ्यावेसे वाटते. मुलीचे कर्तृत्व आहेच, पण तिच्या डोक्यावर दोन प्रशिक्षक भांडत बसले असते तर ते कर्तृत्व कुठे दिसले असते?

पाऊलखुणा

लांबउडीताई, लिहिलेत हे फार बरे केलेत. आपल्याकडेही काही मुलींना सुदैवाने वेगळी वाट मिळते. जेमिमा रॉड्रिग्ज महाराष्ट्राच्या वयोगटांच्या संघांतून हॉकी खेळली आणि मग क्रिकेटमध्ये भारतासाठी उभी राहिली. तिच्या क्षेत्ररक्षणातली चपळाई पाहताना हॉकीचे मैदान आठवल्याशिवाय राहत नाही. पण तिच्या घरी वडीलच प्रशिक्षक होते. ज्यांच्या घरी कुणी प्रशिक्षक नाही, त्यांचे काय?

तिसरा_प्रहर

दोन गोष्टी सांगतो आणि एक प्रश्न विचारतो.

जॅकीच्या आधी हा मार्ग चालून गेलेली बाई म्हणजे बेब डिड्रिक्सन. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांची शर्यत आणि भालाफेक यांत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. आणि ते मैदान लॉस एंजेलिसचे कोलिसियम, जिथे बावन्न वर्षांनी जॅकी ते पाच गुण हरली. बेबही बास्केटबॉलची राष्ट्रीय दर्जाची खेळाडू होती, पण ती खेळली डॅलसच्या एका विमा कंपनीच्या संघातून, कारण मुलींना खेळावर शिष्यवृत्ती देऊन शिकवणारे विद्यापीठ त्या काळी जवळपास नव्हतेच. कंपनीने तिला नोकरी दिली आणि तिच्याकडून खेळ घेतला. जॅकीला लहानपणी बेबच्या आयुष्यावरचा दूरदर्शनपट पाहून स्फूर्ती मिळाली होती. तेच दोन खेळ, पण एकीच्या हाती शेवटी पगाराचे पाकीट होते आणि दुसरीच्या हाती पदवी.

जॅकीच्या नंतर याच मार्गाने आलेली मॅरियन जोन्स. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ज्या संघाने १९९४ मध्ये बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, त्यात ती होती. पुढे ती धावपटू झाली, उत्तेजक द्रव्ये घेतल्याची तिने कबुली दिली आणि सिडनीची पदके परत केली. तिचे नाव घेताना आजही वाईट वाटते, म्हणून अधिक लिहीत नाही.

प्रश्न असा, की १९८५ नंतर जॅकी बास्केटबॉलकडे पुन्हा कधी वळली का?

मैदानमाती

तिसरा_प्रहर यांच्या प्रश्नाचे उत्तर नदीकाठताई देतीलच. मी लांबउडीताईंना एवढेच सांगतो, की निवडचाचण्यांच्या तारखांचा हा गोंधळ मी अनेक वर्षे जवळून पाहिला आहे आणि एका सरांच्या जागी मीही उभा राहिलो आहे. एका मुलीला मी कबड्डी सोडायला लावली होती. ती आज भेटते, नमस्कार करते, पण त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

नदीकाठ

सर, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल तुमच्याविषयी आदर वाटतो.

@तिसरा_प्रहर, हो, वळली. १९९६ मध्ये अमेरिकेत महिलांची अमेरिकन बास्केटबॉल लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि जॅकी रिचमंड रेज या संघातून उतरली. तेव्हा तिचे वय ३४. काही महिन्यांपूर्वीच अटलांटाला हेप्टॅथलॉन सोडून द्यावी लागल्यावर, तीच दुखरी मांडी घेऊन, ती लांब उडीत शेवटच्या प्रयत्नाआधी सहाव्या क्रमांकावर होती आणि शेवटच्या उडीत ७.०० मीटर मारून तिने कांस्य मिळवले होते. त्यानंतर विश्रांती घेण्याऐवजी ती बास्केटबॉलच्या मैदानावर आली. १७ सामने खेळली. त्यांत तिने फारसे गुण केले नाहीत आणि हंगाम संपण्याआधीच ती संघातून बाहेर पडली. काही लेखकांनी याला फसलेला प्रयोग म्हटले आहे. मला त्यात अपयश दिसत नाही. कॉलेजात असताना मुलींना पदवीनंतर खेळायला देशात जवळपास काहीच नव्हते, आणि अकरा वर्षांनी ते उभे राहिले, तेव्हा ती तिथे हजर राहिली.

लांबउडीताई, कर्सी आणि मूर यांच्यातल्या वाटाघाटींबद्दल तुम्ही विचारलेत. त्या दोघांच्या बोलण्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, पण त्यातून काय निघाले ते आकड्यांत दिसते. १९८१-८२ आणि १९८२-८३ हे बास्केटबॉलचे दोन्ही हंगाम ती खेळली, आणि त्याच दोन्ही वर्षांच्या उन्हाळ्याच्या तोंडावर हेप्टॅथलॉनची राष्ट्रीय विजेती झाली. एका प्रशिक्षकानेही अडवले असते तर यातले एक तरी पान कोरे राहिले असते.

आणि @दुपारची_शर्यत, पुन्हा त्या पाच गुणांकडे येते, कारण तुमचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. १९८४ मध्ये तिची ८०० मीटरची वेळ होती २ मिनिटे १३.०३ सेकंद. त्यानंतर चार वर्षांनी सोलला, उंच उडीत गुडघा दुखावलेला असताना, ती सातव्या स्पर्धेसाठी उभी राहिली. तोवर तिने अडथळे १२.६९ सेकंदांत पार केले होते, उंच उडी १.८६ मीटर मारली होती, गोळा १५.८० मीटरवर फेकला होता, २०० मीटर २२.५६ सेकंदांत धावली होती, लांब उडी ७.२७ मीटर मारली होती आणि भाला ४५.६६ मीटरवर टाकला होता. सुवर्णपदक जवळपास निश्चित होते, प्रश्न विक्रमाचा होता. दमा असलेल्या त्या मुलीने उरलेली दोन वळसे धावायची शर्यत २ मिनिटे ०८.५१ सेकंदांत संपवली. ८०० मीटरमधली तिच्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वेळ होती.